बट नंबर ६८: मॅगझिन नेमकं कुणाचं?

पोळा चार दिवसांवर आला होता आणि आमच्या सराव गोळीबाराचा दुसरा दिवस होता. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात मी तेव्हा आर्मोरर, म्हणजे शस्त्रं तपासून दुरुस्त करणारा, होतो. चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान, गावाबाहेर, बोडक्या डोंगराच्या पायथ्याला. रात्रभर पाऊस पडून गेलेला, काळ्या रानाचा चिखल बुटाला धरून वर चढत होता, आणि झोपून फायर करायला टाकलेल्या ताडपत्र्याही ओल्या झाल्या होत्या.

तिसरी डिटेल, म्हणजे तिसरी तुकडी, फायर करत असताना उजवीकडून चौथ्या जागेवर नुसतं ‘खट्ट’ वाजलं. असं वाजलं की बोल्टला, म्हणजे काडतूस (आमच्या भाषेत राउंड) पुढे ढकलणाऱ्या दांड्याला, लगेच हात लावायचा नसतो. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं, म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. तो शिपाई थांबला, नियमाने हात वर केला. मी जाऊन बोल्ट उघडला तर चेंबर, म्हणजे नळीतली राउंड बसायची जागा, रिकामं! राउंड पेटला नाही असं नव्हतंच, तो चेंबरमध्ये गेलाच नव्हता. खाली मॅगझिनमध्ये पितळ चमकत होतं.

“उस्ताद, राउंड दिसायलाय, पण बोल्ट त्याच्या डोक्यावरून चाललाय,” तो म्हणाला. हिंगोलीकडचं पोरगं, भरती होऊन दीड वर्ष झालेलं. पाच राउंडांत त्याला तीनदा असंच झालं. दहा मिनिटांत तिथे तीन निदानं तयार झाली. एक म्हणे राउंड जुने आहेत. दुसरा म्हणे पोरगं घाबरून बोल्ट अर्धाच मागे ओढतंय. तिसऱ्याचं मत, थ्री-नॉट-थ्रीचं वयच झालंय, तिच्याकडून काय अपेक्षा करायची.

राखीव पोलीस निरीक्षक साहेबांनी मला बाजूला घेतलं. “१७ सप्टेंबरच्या सलामीच्या तुकडीत ही रायफल आहे. तोवर हिचं काय ते नक्की करा.”

१७ सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली, आणि दरवर्षी हुतात्मा स्मारकापुढे बंदुकीच्या फैरींची मानवंदना दिली जाते. त्या वर्षी १३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूने नळदुर्गात शिरलेल्या आपल्या पायदळाच्या खांद्यावर याच जातीची रायफल होती. १७ सप्टेंबरला म्हातारी माणसं स्मारकापुढे उन्हात उभी असतात. अशा वेळी एक रायफल गप्प राहणं मला सोसणारं नव्हतं.

रायफल होती थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफील्ड नंबर १, मार्क ३ स्टार, इशापूरच्या कारखान्यातली. बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा नंबर, ६८. हिच्या मॅगझिनची रचना समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून थोडं थांबतो. पेटीसारखं खालून बसणारं हे मॅगझिन जेम्स पॅरिस ली याच्या कल्पनेतून आलं, त्याचं पेटंट १८७९ चं. दहा राउंड आत बसतात, पण एकावर एक नाहीत. एक डावीकडे, एक उजवीकडे, असे दोन रांगांत एकमेकांच्या खाचेत रचले जातात. खाली पत्र्याचा प्लॅटफॉर्म, त्याच्याखाली नागमोडी पट्टीची स्प्रिंग. वर पेटीच्या कडा आत वळवून ओठ केलेले असतात. ते ओठ राउंडला धरून ठेवतात आणि बोल्टने मागून ढकललं की सोडून देतात. बोल्टचं पुढचं तोंड राउंडच्या बुडाला जेमतेम एका नखाएवढ्या उंचीत धरतं. राउंड तेवढा वर आला नाही तर बोल्ट त्याच्यावरून सरकून जातो आणि मग ‘खट्ट’. फार वर आला तर गोळीचं नाक चेंबरच्या वरच्या काठाला धडकतं. सगळा खेळ या अर्ध्या-एक मिलिमीटरचा.

शिवाय थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला रिम असते. बुडाचा व्यास सुमारे १३.७ मिलिमीटर, रिमची जाडी सुमारे १.६. राउंड भरताना वरच्या राउंडची रिम खालच्या रिमच्या पुढे असायला हवी. मागे राहिली की वरचा राउंड पुढे जाताना खालच्याला ओढतो आणि दोघे मिळून अडकतात. पाच राउंडांच्या चार्जर क्लिपमध्ये रिम आलटून-पालटून लावलेल्या असतात, म्हणून क्लिप कुठल्याही बाजूने लावली तरी चालते आणि अंगठ्याने दाबले की राउंड आपापल्या जागी बसतात. सुटे राउंड भरताना मात्र हे काम माणसाच्या बोटांना करावं लागतं.

चांदमारीवर आम्ही सुटे राउंडच मोजून देत होतो. म्हणून माझा पहिला संशय रिमवर गेला. त्या पोराला समोर बसवून डमी, म्हणजे दारू नसलेले, राउंड भरायला लावले. पाचांत दोनदा त्याने रिम मागे ठेवली. तसं भरल्यावर बोल्ट मध्येच दगडासारखा घट्ट झाला. हा दोष खरा होता आणि तो मी तिथेच सुधारून घेतला. प्रत्येक राउंड आत दाबल्यावर बोटाने पुढे सरकवायचा, रिम खालच्या रिमच्या पुढे आली का ते बघायचं, मग पुढचा. पण त्या दिवशीच्या ‘खट्ट’शी त्याचा संबंध नव्हता. रिम अडकली की बोल्ट थांबतो. इथे तर बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा पुढे जात होता. रायफल अडते कशी, एवढं जरी नीट विचारलं तरी निम्मं निदान होतं. आमच्याकडे मात्र ‘अडकायलंय’ या एका शब्दात सगळे आजार सांगितले जातात.

राउंड जुने म्हणावेत तर त्याच पेटीतले बाकीच्या एकोणीस रायफलींत चालले होते. बोल्ट अर्धा ओढतो म्हणावं तर मी स्वतः मागच्या अडीपर्यंत ओढून बघितला, तरी तेच.

दुपारी रायफल शस्त्रागारात आणली. तपासणीला मी जिवंत काडतूस कधीच वापरत नाही. चेंबर डोळ्याने बघायचं, मग करंगळी घालून बघायचं, आणि टेबलावर फक्त डमी. आधी मॅगझिन खोललं. ट्रिगर गार्डच्या आत, ट्रिगरच्या पुढे जो कॅच असतो तो वर दाबला की पेटी खाली येते. प्लॅटफॉर्मची मागची रुंद बाजू आत दाबली की पुढचं निमुळतं टोक वर उचलतं आणि तिथून तो अलगद बाहेर निघतो. इथे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी पुढचे कान वाकवलेली मॅगझिनं माझ्याकडे डबाभर होती.

आत जाड तेल आणि चिखलाचा लगदा होता. धुतलं, पुसलं, तेलाचं नुसतं बोट फिरवलं. पेटीला कुठे पोचा नव्हता, प्लॅटफॉर्म अंगठ्याने दाबून सोडला की कुठेही न घासता वर यायचा. स्प्रिंगही जिवंत होती. माझी अशी खात्री की आता काम झालं.

दहा डमी भरले आणि सावकाश बोल्ट चालवला. दुसरा गेला नाही. चौथा गेला नाही. सहावा गेला. आठवा आणि दहावा गेले नाहीत. पुन्हा भरले. अशा पाच फेऱ्या, पन्नास राउंड, आणि प्रत्येकाची वहीत नोंद. अठरा वेळा बोल्ट वरून गेला. त्यातले सतरा सम क्रमांकाचे.

सम क्रमांक म्हणजे एकच बाजू, हे लगेच कळलं. दोन रांगांपैकी एका रांगेचेच राउंड खाली राहत होते. पण सकाळची नोंद त्याच्या उलट होती. चांदमारीवर पाच राउंडांत पहिला, तिसरा आणि पाचवा गेले नव्हते. सकाळी विषम, दुपारी सम. रात्री घरी भाकरी खातानाही हेच डोक्यात. पोराने सकाळी चुकीचं सांगितलं म्हणावं तर दोनदा मी स्वतः बघितलं होतं.

उत्तर पहाटे सुचलं, आणि ते मोजण्यात होतं. मी वरून मोजत होतो. मॅगझिन वरून ठरत नाही, खालून ठरतं. प्लॅटफॉर्म एका बाजूला उंच असतो, त्यामुळे सगळ्यात खालचा राउंड नेहमी एकाच बाजूला बसतो आणि त्याच्यावर बाकीची रचना होते. पाच भरले तर सर्वांत खालचा पाचवा निघतो, दहा भरले तर दहावा. खालून मोजलं की दोन्ही नोंदी एकच सांगत होत्या: पहिला, तिसरा, पाचवा. रोग सकाळी आणि दुपारी एकाच बाजूचा होता.

दुसऱ्या दिवशी पेटी खिडकीच्या उजेडात धरली. उजवा ओठ डाव्यापेक्षा किंचित आत आणि खाली होता. किती? दोन्हींवर सरळ पट्टी ठेवली तर उजव्या बाजूला पट्टीखाली उजेडाची एक बारीक रेघ दिसायची. तेवढाच. सापडला चोर, असं मी मोठ्याने म्हणालो. पकडीच्या जबड्यांना चामडं गुंडाळलं आणि ओठ केसाएवढा वर घेतला.

तपासलं. पन्नासांत सहाच गेले नाहीत.

हे सहा उरले म्हणून मी वाचलो. शून्य आले असते तर मी रायफल परत दिली असती आणि झालेलं नुकसान मला कधी कळलंही नसतं. ओठाचं पोलाद कडक पाणी दिलेलं असतं. ते दोन-तीनदा मागेपुढे केलं की मुळाशी तडा जातो, म्हणून आणखी वाकवायची हिंमत झाली नाही. तापवायचं तर नाहीच, तापवलं की त्याचा कस जातो. पकड खाली ठेवली आणि तेव्हा कुठे जे सगळ्यात आधी करायचं ते केलं. डावा तळवा मॅगझिनच्या बुडाखाली लावला, वर दाबून धरला आणि बोल्ट चालवला.

एकही राउंड चुकला नाही. तळवा काढला की पुन्हा चुकायचे.

म्हणजे मॅगझिन रायफलमध्ये खाली बसत होतं. कॅच मॅगझिनच्या पाठीवरच्या उंचवट्याला खालून धरतो. दोघांपैकी एक झिजला की पेटी हलते. चिमटीत धरून वरखाली केली तर अर्धा मिलिमीटरभर सहज हलत होती. शेजारच्या रॅकवरची ६७ नंबरची जवळजवळ हललीच नाही. ६८ चं मॅगझिन ६७ मध्ये घातलं तर तिथे मधूनमधून चुकलं, आणि ६७ चं ६८ मध्ये घातलं तर तेही थोडं चुकलं. दोन्हीकडे थोडाथोडा दोष. झिजलेला कॅच हा या रायफलचा जुनाच दोष असणार. मग ही रायफल इतकी वर्षं चालली कशी? मागच्या वर्षीच्या नोंदवहीत तिच्याबद्दल एक अक्षरही तक्रार नव्हती.

या प्रश्नापाशी मी बराच वेळ बसून होतो. मॅगझिन हातात उलटं होतं, बूड वर. पाठीवर बट नंबर पांढऱ्या रंगाने टाकायची आमच्याकडे जुनी रीत, आकडे इंग्रजी. ६८ लिहिलेलं दिसत होतं. सहज पेटी सरळ केली, तोंड वर, आणि वाचलं: ८९.

इंग्रजीतले ६८ उलटे धरले की ८९ होतात. आणि साफ करताना मॅगझिन माणूस सरळ धरत नाही. जूनमध्ये, पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत, वेळ वाचावा म्हणून सगळी मॅगझिनं काढून रॉकेलच्या एका घमेल्यात टाकली होती. धुऊन झाल्यावर नंबर बघूनच परत लावली होती. लावणाऱ्यांनी कसलाही निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी नंबर वाचला होता, उलटा.

८९ नंबरची रायफल काढली. तिच्यात ६८ चं मॅगझिन. ती ज्या हवालदारांकडे होती त्यांना विचारलं. ते म्हणाले, “चालती की. थोडी जड चालायली जूनपासून, मी म्हणालो तेल कमी पडलं असंल.” तिच्यातून डमी चालवून बघितले. राउंड जात होते, पण गोळीचं नाक चेंबरच्या वरच्या काठाला घासून. डमीच्या टोकांवर ओरखडा उमटत होता.

मग सगळं उलगडलं. ८९ चा कॅच घट्ट, पेटी उंच बसते. तिच्यात राउंड फार वर येऊ नयेत म्हणून माझ्याआधीच्या कुणा आर्मोररने तिच्या मॅगझिनचा उजवा ओठ मुद्दाम किंचित खाली घेतला होता. ६८ चा कॅच झिजलेला, पेटी खाली बसते, म्हणून तिच्या मॅगझिनचे ओठ थोडे उघडे ठेवलेले. दोन्ही जोड्या आपापल्या घरी निर्धोक चालत होत्या. ज्याला मी वाकलेला ओठ म्हणून पकड लावली, ते कुणाचं तरी जपून केलेलं काम होतं. तो माणूस कोण होता ते मला शोधता आलं नाही. पण त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी त्या टेबलावर मान्य केलं.

मॅगझिनं बदलली. ६८ मध्ये तिचं स्वतःचं: दहा-दहाच्या पाच फेऱ्या, सावकाश आणि वेगाने. पन्नासांत एकही चुकला नाही. तिचा झिजलेला कॅच मी बदलला नाही. नवा कॅच घातला असता तर पेटी वर आली असती आणि उघडे ठेवलेले ओठ पुन्हा बसवावे लागले असते. चालत्या जोडीला हात लावायचं कारण नव्हतं. कॅच झिजल्याची नोंद मात्र वहीत तारखेसह केली, पुढच्या माणसासाठी.

८९ मध्ये तिचं मॅगझिन घातलं आणि माझ्या पकडीची किंमत समोर आली. उजव्या रांगेचे राउंड आता वर येऊन नाक घासत होते. ओठ पुन्हा खाली घ्यावा लागला, आणि तेही एका दमात नाही. केसाएवढा दाब, दहा डमी, भिंगाने मुळाशी तडा गेला का ते बघणं, पुन्हा दाब. चार तास लागले. तडा गेला नाही, ही नशिबाची गोष्ट. संध्याकाळी पन्नासच्या पन्नास गेले आणि टोकांवर ओरखडा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दोन्ही रायफली चांदमारीवर नेल्या. त्याच पोराने ६८ मधून पाच-पाच करून वीस राउंड मारले, सुटे भरून, रिम बघून. एकदाही हात वर करावा लागला नाही. टार्गेटवर गोळ्यांचा गटही चांगला पडला. पहिल्या वेळचा त्याचा निकाल रद्द करून हा धरावा, असं मी साहेबांना लेखी दिलं आणि त्यांनी ते मानलं. त्याच्या निकालपत्रकावर रायफलचा दोष चढला असता, तर मला ते फार लागलं असतं.

सलामीसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागली. फैरीला ब्लँक, म्हणजे गोळी नसलेले, राउंड असतात. ब्लँकला गोळीचं नाक नसतं, त्यामुळे मॅगझिनमधून चेंबरपर्यंतच्या चढावर त्याला वाट दाखवणारं काही नसतं आणि निरोगी रायफलीतही तो अडखळू शकतो. तालमीत एका रायफलीत ब्लँक अडला की लगेच “मॅगझिन बिघडलं” म्हणून माझ्याकडे येत. मी डमीवर तपासून परत द्यायचो. ब्लँकसाठी बोल्ट हळू न चालवता एका लयीत, ठाम हाताने पुढे न्यायचा, एवढंच तुकडीला शिकवलं. ज्यांचा हात तालमीपर्यंत बसला नाही त्यांनी ब्लँक एकेक करून हाताने भरायचे ठरले.

आमच्या भागात काही शेतकऱ्यांकडे परवान्याच्या .३१५ रायफली आहेत. त्याही याच घराण्यातल्या, म्हणून ते मला विचारतात. त्यांना माझं सांगणं एकच. ओठाला घरी पकड लावू नका, दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच न्या. आणि नेताना रायफल आणि मॅगझिन दोन्ही न्या. नुसतं मॅगझिन पिशवीत घालून आणणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही. थ्री-नॉट-थ्री तर खाजगी माणसाला केंद्र सरकारच्या खास परवान्याशिवाय ठेवता येत नाही, ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते.

घमेलं बंद झालं. त्या वर्षापासून साफसफाईला टेबलावर एका वेळी एकच रायफल खोलायची, ती बंद झाल्याशिवाय दुसरी नाही. वेळ दुप्पट लागतो. पहिल्या वर्षी लोकांनी कुरकुर केली. एका वडीलधाऱ्या हवालदारांनी तर मला ऐकवलं, “तुमच्या एका आकड्यापायी आम्ही दोन दिवस इथंच बसायलो.” मी त्यांना ६८ चं मॅगझिन उलटं करून हातात दिलं. त्यांनी वाचलं, सरळ केलं, पुन्हा वाचलं, आणि काही न बोलता खाली बसून चिंदी उचलली.

सगळ्या मॅगझिनांचे नंबर मी स्वतः नव्याने रंगवले. उलटे होऊ शकणारे आकडे शस्त्रागारात कमी नव्हते: ६६ आणि ९९, ६८ आणि ८९, ८६ आणि ९८, १६ आणि ९१. प्रत्येक नंबरच्या खाली एक जाड रेघ मारली. रेघ खाली, म्हणजे मॅगझिन सरळ. १७ सप्टेंबरच्या सकाळी स्मारकापुढे तुकडी उभी राहिली तेव्हा मी मागे झाडाखाली होतो. पहिली फैर झाली, बोल्ट मागेपुढे झाले, दुसरी झाली, तिसरी झाली. उजवीकडून चौथ्या जागेवर ६८ होती. तिच्या बाजूने तीनदा धूर निघाला.